रेडिओचं बातमीपत्र शिकताना: विद्यार्थी पत्रकारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काही वर्षं आकाशवाणीच्या प्रादेशिक बातम्यांसाठी नैमित्तिक वृत्तनिवेदक म्हणून काम केलं. आता पुण्यात पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांकडून सरावाची बातमीपत्रं करून घेतो. दर जूनमध्ये नवी तुकडी येते आणि तेच प्रश्न नव्यानं विचारते. ते इथे एकत्र केले आहेत.

माझा आवाज भारदस्त नाही. मी या वाटेला जाऊ का?

हा प्रश्न पहिल्या दिवशी निम्मा वर्ग विचारतो. उरलेले निम्मे स्वतःचा आवाज भारदस्त आहे असं समजून आलेले असतात आणि त्यांना शिकवणं जास्त अवघड जातं.

बातमीपत्राच्या कामात आवाज सगळ्यात शेवटी येतो. आधी बातमी निवडायची, तपासायची, लिहायची, कापायची, क्रम लावायचा, वेळ मोजायची. एवढं झाल्यावर कुणीतरी ती वाचतं. दहा मिनिटांच्या वाचनामागे दोन-तीन तासांचं टेबलावरचं काम असतं. बारीक, किनऱ्या, किंचित घोगऱ्या आवाजाची माणसं उत्तम वाचताना मी ऐकली आहेत. त्यांचा प्रत्येक शब्द वेगळा ऐकू यायचा आणि वाक्याचा शेवट ते गिळत नसत. मराठीत क्रियापद शेवटी येतं. शेवट गिळलात तर काय झालं ते कळतच नाही.

बातमीपत्र ‘तयार करणं’ आणि ‘वाचणं’ यात फरक काय?

मोठ्या केंद्रावर ही वेगवेगळ्या माणसांची कामं असतात. बातमीदार बातमी पाठवतो. डेस्कवर ती संपादित होऊन ‘पूल’मध्ये पडते, म्हणजे त्या दिवशीच्या वापरण्याजोग्या बातम्यांच्या ढिगात. बातमीपत्राचा प्रभारी संपादक त्यातून आपल्या दहा मिनिटांपुरत्या उचलतो, ठळक बातम्या ठरवतो. वृत्तनिवेदक गरजेप्रमाणे अनुवाद करतो आणि वाचतो. कॉलेजात हे सगळं तुम्ही तिघं-चौघंच करणार. ते बरंच आहे. फक्त दर आठवड्याला कामं बदला, नाहीतर एकच मुलगी कायम वाचते आणि एकच मुलगा कायम चहा आणतो.

कॉलेजच्या रेडिओवर बातम्या देता येतात का?

मनाला येईल तशा नाही, आणि हे सुरुवातीलाच माहीत असलेलं बरं. एक विद्यार्थी महिनाभर खपून बातमीपत्राचा आराखडा घेऊन आला होता. तो प्रसारित करता येणार नाही हे त्याला सांगायची वेळ माझ्यावर आली.

भारतात वर्तमानपत्र कुणीही काढू शकतं, टीव्हीवर खासगी वृत्तवाहिन्या आहेत, पण रेडिओवरच्या बातम्या आजही आकाशवाणीच्याच हातात आहेत. सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये आकाशलहरी ही जनतेची मालमत्ता असल्याचं सांगितलं. त्यानंतर खासगी एफएम आलं, पण परवान्याच्या अटींत बातम्यांना जागा मिळाली नाही. २०११ च्या तिसऱ्या टप्प्याच्या धोरणानं खासगी एफएमला आकाशवाणीची बातमीपत्रं जशीच्या तशी लावायची मुभा दिली, एवढंच.

सामुदायिक रेडिओ २००२ मध्ये शिक्षणसंस्थांसाठी आणि २००६ मध्ये सामाजिक संस्थांसाठी खुला झाला. पुणे विद्यापीठाची विद्यावाणी, बारामतीची वसुंधरा वाहिनी, म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी ही आपल्याकडची केंद्रं. १०० वॅटपर्यंतचा प्रक्षेपक, पाच-दहा किलोमीटरचा टापू. त्यांनाही स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या मूळ रूपात किंवा स्थानिक बोलीत अनुवाद करून देता येतात, मात्र अनुवादात अर्थ बदलला तर जबाबदारी केंद्राची.

पण याच धोरणात एक मोठं दार उघडं आहे. वाहतूक, हवामान, क्रीडा स्पर्धांची माहिती, सांस्कृतिक कार्यक्रम, सण, परीक्षा, निकाल, प्रवेश, नोकरीच्या संधी, पाणी आणि वीजपुरवठ्याच्या सूचना, नैसर्गिक आपत्ती, आरोग्याचे इशारे या गोष्टी ‘बातम्या’ धरल्या जात नाहीत. आता मला सांगा, विद्यार्थ्याला शिकण्यासाठी याहून चांगला माल कुठला? उद्या कोणत्या पेठेत पाणी येणार नाही, हे चुकलं तर संध्याकाळी फोन येतो. एखाद्या नेत्याच्या भाषणातलं वाक्य चुकलं तर सहसा कुणी फोन करत नाही.

राजकीय बातम्यांचा सराव वर्गात, कॅम्पसच्या ध्वनिक्षेपकावर किंवा पॉडकास्टवर करा. पॉडकास्टला एफएमसारखा परवाना लागत नाही. पण अब्रुनुकसानीचा कायदा तिथेही लागू आहे आणि ऑनलाइन बातम्या देणाऱ्यांसाठी २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियम आहेत.

दहा मिनिटांत किती बातम्या बसतात?

हिशेब मांडू. सुरुवातीची ओळख आणि ठळक बातम्या ४० सेकंद. शेवटी ठळक बातम्या पुन्हा एकदा आणि समारोप ३० सेकंद. उरली ८ मिनिटं ५० सेकंद. सरासरी ३५ सेकंदांची एक बातमी धरली तर १५ बातम्या. मराठीत सावकाश, स्पष्ट वाचन मिनिटाला ११० शब्दांच्या आसपास जातं, म्हणजे अख्खं बातमीपत्र अकराशे शब्दांचं. एवढ्यात वर्तमानपत्राचं पहिलं पानसुद्धा मावत नाही.

स्वतःचा वेग मात्र स्वतः मोजा. एकाच मजकुराची एक मिनिटाची पाच वाचनं करा, शब्द मोजा, सरासरी काढा. मग प्रत्येक बातमीच्या कोपऱ्यात सेकंद लिहायची सवय लावा. नुसतं ‘छोटी बातमी’ म्हणून चालत नाही. २२ सेकंद म्हणा.

आणि वेळ नेहमी शेवटाकडून मोजायची. समजा शेवटची हवामानाची बातमी २० सेकंदांची आहे आणि समारोपाचे ३० सेकंद. म्हणजे घड्याळात ९ मिनिटं १० सेकंद झाले की हातात कुठलीही बातमी असो, ती संपवून हवामानावर यायचं. त्यासाठी दोन गोष्टी आधीच तयार ठेवाव्या लागतात. गळाली तरी चालेल अशा दोन बातम्या, त्यांच्यावर पेन्सिलीनं फुली करून. आणि वेळ उरली तर घालायला दोन जादा बातम्या, प्रत्येकी १५ सेकंदांच्या. विद्यार्थी पहिली तयारी करतात, दुसरी विसरतात, आणि मग शेवटची बातमी कीर्तनकारासारखी लांबवत बसतात.

वर्तमानपत्रातली किंवा सरकारी पत्रकातली बातमी रेडिओसाठी कशी बदलायची?

एक करूनच बघू. पावसाळ्यात पुण्याच्या डेस्कवर रोज येणारा नमुना. सरावासाठी रचलेला आहे, पण भाषा अगदी अशीच असते:

‘सर्व संबंधितांना सूचित करण्यात येते की, खडकवासला धरण पाणलोट क्षेत्रामध्ये होत असलेल्या पर्जन्यमानामुळे धरणाच्या सांडव्यावरून मुठा नदीपात्रामध्ये सुरू असलेला १५,१३६ क्युसेक विसर्ग वाढवून सायं. ६.०० वा. २२,८८० क्युसेक करण्यात येत आहे. पर्जन्यमानानुसार आवश्यकतेप्रमाणे विसर्ग कमी-जास्त होण्याची शक्यता आहे. तरी नदीपात्रातील वाहने तत्काळ हलविण्यात यावीत.’

बहुतेक विद्यार्थी ‘करण्यात येते’चं ‘केलं जातं’ करतात आणि काम झालं म्हणतात. वाक्याची बांधणी तशीच राहते. ऐकणाऱ्याला पाणी किती वाढलं हे कळायच्या आत पाणलोट, सांडवा आणि पर्जन्यमान ओलांडावं लागतं. तो माणूस यावेळी काय करतोय? दुकानाचं शटर ओढतोय, रिक्षा चालवतोय, गॅसवर दूध ठेवलंय. त्याच्या कामाची गोष्ट एकच आहे: माझी गाडी नदीपात्रात आहे, ती काढू का? म्हणून:

‘पुण्यात मुठा नदीकाठी राहणाऱ्यांनी आज संध्याकाळी सावध राहावं. खडकवासला धरणातून सहा वाजल्यापासून जवळपास तेवीस हजार क्युसेक पाणी सोडलं जाणार आहे. आतापर्यंत हा विसर्ग पंधरा हजारांचा होता. नदीपात्रात लावलेल्या गाड्या काढून घ्याव्यात, असं पाटबंधारे विभागानं सांगितलं आहे. पाऊस वाढला तर विसर्गही वाढेल.’

४१ शब्द, साधारण २२ सेकंद. पहिल्या वाक्यात आकडा नाही, मुद्दाम नाही. ‘मुठा नदीकाठी’ ऐकलं की ज्याचं घर तिथं आहे तो कान टवकारतो, आणि मग आकडा आला तरी तो पकडतो. ‘विसर्ग’ ठेवला, कारण पुणे-सातारा-सांगलीकडच्या माणसाला पावसाळ्यात हा शब्द पाठ असतो. ‘क्युसेक’ही ठेवला. सेकंदाला एक घनफूट हा अर्थ बहुतेकांना सांगता येणार नाही, पण किती हजारांना मुठेवरचा भिडे पूल पाण्याखाली जातो याचा अंदाज त्यांना बरोबर असतो. ‘पर्जन्यमान’ मात्र गेला. पाऊस हा शब्द उपलब्ध असताना पर्जन्यमान कशाला?

‘असं ते म्हणाले’ शेवटी घ्यायचं की आधी?

छापील बातमीत अवतरणचिन्हं दिसतात. ती ऐकू येत नाहीत. ‘महापालिकेनं रस्त्याच्या कामात कोट्यवधींचा गैरव्यवहार केला आहे, असा आरोप विरोधी पक्षनेत्यांनी केला’ हे वाक्य वाचताना ठीक वाटतं. ऐकताना पहिले सात शब्द आपणच छातीठोकपणे सांगतोय असं होतं. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली तर ऐकणाऱ्यानं आरोप ऐकलाच नाही, निकाल ऐकला.

माझा नियम असा: वादाचं, आरोपाचं, दाव्याचं असेल तर बोलणारा आधी. ‘विरोधी पक्षनेत्यांनी आरोप केला आहे, की...’ धरणाच्या सूचनेसारखी साधी अधिकृत माहिती असेल तर ‘असं विभागानं सांगितलं’ शेवटी आलं तरी बिघडत नाही. काही जुने सहकारी ‘की’ची बांधणी मराठी वळणाची नाही म्हणून नाक मुरडत. भाषेच्या दृष्टीनं त्यांच्या म्हणण्यात तथ्य असेलही, पण इथे मी कानाचं ऐकतो.

याच जातीचा दुसरा धोका नकाराचा. ‘नामंजूर’ घाईत ‘मंजूर’ ऐकू येतं. ‘असमर्थ’चा ‘अ’ आधीच्या शब्दात विरघळतो. जामीन अर्ज ‘नामंजूर झाला’ऐवजी ‘फेटाळला’ म्हणा. धोका मिटला.

आकडे कसे वाचायचे?

स्क्रिप्टमध्ये अक्षरांत लिहायचे. हे न ऐकल्याचा दंड मी स्वतः भरला आहे. सुरुवातीच्या दिवसांत एका बातमीत ५९ असा आकडा होता, आणि मी थेट प्रसारणात ‘एकोणपन्नास’ वाचलं. अपघातातल्या जखमींचा आकडा होता. दहा माणसं मी एका शब्दात गायब केली. बातमीपत्र संपायच्या आत डेस्कवरच्या फोनवर कुणीतरी विचारत होतं, बरोबर आकडा कुठला?

मराठी संख्यांची ही जुनी खोड आहे: एकोणपन्नास-एकोणसाठ, त्रेसष्ट-त्र्याहत्तर, पंचवीस-पंचेचाळीस. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात सत्तावीसला ‘वीस सात’ म्हणायचं ठरलं तेव्हा महाराष्ट्रभर थट्टा झाली. मीही केली असती, पण ती चूक केलेल्या माणसाला हसू जरा कमी येतं.

आकडे कमी करणं हाच उत्तम उपाय. एका वाक्यात एक, फार तर दोन. आणि आपल्याकडे सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच आहेत, ते वापरा. १,२७,४६३ म्हणजे ‘सव्वा लाखाहून थोडे जास्त’. ७४ टक्के म्हणजे ‘जवळपास पाऊण’. पण कुठे गोळाबेरीज करायची नाही तेही कळलं पाहिजे. मृतांचा आकडा, परीक्षेची तारीख, मदतीचा दूरध्वनी क्रमांक आणि बाजारभाव जसेच्या तसे द्यायचे. लासलगावच्या कांद्याचा भाव क्विंटलमध्येच सांगा. शेतकऱ्याचं गणित क्विंटलवर चालतं, तो किलोत सांगितला तर त्याला उलट शंभरानं गुणत बसावं लागतं. हीच बातमी शहरातल्या गिऱ्हाइकासाठी असेल तर किलोत. ऐकणारा कोण, ते आधी ठरवा.

माझ्या बोलण्यात गावाकडचा हेल आहे. तो घालवावा लागेल का?

हेल कुणी हरकत घेण्यासारखी गोष्ट नाही असं माझं मत. सामुदायिक केंद्रावर तर तो भांडवल आहे. माणदेशातल्या बाईला माणदेशी बोलणारी मुलगी हवामान सांगते तेव्हा ती जास्त लक्ष देऊन ऐकते.

अर्थ बिघडवणारे उच्चार मात्र सुधारावे लागतात. ‘न’ आणि ‘ण’, ‘ल’ आणि ‘ळ’ वेगळे यायला हवेत: ‘मन’ आणि ‘मण’, ‘गाल’ आणि ‘गाळ’. च-जचे दोन उच्चार लिपीत दिसत नाहीत, ते कानानंच शिकावे लागतात. ‘चौकशी’तला च दातांजवळचा, ‘चर्चा’तला टाळूचा. ‘जहाज’ आणि ‘जनता’ यांतलं अंतर तसंच. इंग्रजी माध्यमातल्या मुलांचं इथे हमखास अडतं, गावाकडच्यांचं नाही. त्यामुळे गावाकडून आलेल्यांनी उगीच मान खाली घालू नये.

दुसरी गोष्ट, गावांची नावं. महाराष्ट्रात वडगाव आणि पिंपळगाव किती आहेत याची मोजदाद करायच्या फंदात पडू नका, फक्त तालुका-जिल्हा सांगितल्याशिवाय नाव घेऊ नका. पिंपळगाव बसवंत वेगळं, दुसरं कुठलंही पिंपळगाव वेगळं. अनोळखी नाव असेल तर त्या तालुक्यातल्या माणसाला फोन लावून विचारा. दोन मिनिटं लागतात. चुकीचं घेतलंत तर त्या गावाचा माणूस पुढची बातमी ऐकतच नाही, आपलं गाव कसं चुकलं हेच घरात सांगत बसतो.

बातम्यांचा क्रम कसा लावायचा?

सगळ्यात जास्त लोकांच्या आजच्या दिवसावर परिणाम करणारी आधी. मग एकमेकींच्या नात्यातल्या जवळ: पावसाची, धरणाची, रेल्वे उशिरा धावत असल्याची बातमी एका माळेत. अपघातात पाच जण दगावल्याच्या बातमीला चिकटून महोत्सवाच्या उद्घाटनाची बातमी नको. मध्ये काहीतरी तटस्थ घाला, एखादी प्रशासकीय. आणि अर्धा श्वास जास्त घ्या. तो श्वासच तिथे परिच्छेद असतो.

बाइट किती लांब असावा आणि कसा घ्यावा?

बाइट म्हणजे बातमीत वाजवायचा माणसाच्याच आवाजातला तुकडा. बातमीपत्रात तो १५ ते २० सेकंदांचा. त्याहून लांब असेल तर कार्यक्रम करा, बातमी नको.

माणसाला ‘काय झालं’ हे विचारून मिळालेला बाइट बहुतेक फुकट जातो, कारण काय झालं ते तुम्ही स्वतः कमी शब्दांत सांगू शकता. बाइटमध्ये अनुभव हवा, मत हवं, पाहिलेलं हवं. रांगेत उभ्या असलेल्या आजींना ‘रेशन दुकान किती वाजता उघडलं?’ विचारू नका. ‘सकाळपासून किती वेळा आलात, आजी?’ विचारा आणि गप्प बसा. ही गप्प बसायची कला सगळ्यात उशिरा येते. आपण मध्ये ‘हो, हो’, ‘बरोबर’ करत राहतो आणि ते प्रत्येक वाक्यावर छापून येतं. मान हलवा, तोंड बंद.

मुलाखत संपली की त्याच जागी २०-३० सेकंद नुसता जागेचा आवाज घ्या, कुणी न बोलता. एसटी स्टँडचा, मंडईचा, कोर्टाच्या व्हरांड्याचा. कापाकापी करताना जोड झाकायला तो उपयोगी पडतो. आणि कापताना माणसाचं म्हणणं बदलत नाही ना ते बघा. ‘योजना चांगली आहे, पण पैसे आलेच नाहीत’ यातलं पहिलं अर्धं ठेवून दुसरं कापणं ही लबाडी आहे, मग सेकंद कितीही वाचोत.

बाइटच्या आधी येणारी ओळ आणि बाइटचं पहिलं वाक्य एकच असू नये. ‘पैसे मिळाले नसल्याचं त्यांनी सांगितलं’, आणि पाठोपाठ त्यांच्याच आवाजात ‘पैसे मिळाले नाहीत’. दर वर्षी, दर तुकडीत हे होतं.

कोणती यंत्रं लागतात?

सुरुवातीला फारशी नाहीत. मोबाइल, साधा कॉलर माइक, हेडफोन आणि आवाज कापायला-जोडायला ऑडॅसिटी ही संगणकप्रणाली, जी फुकट मिळते. रेकॉर्डिंग मोनोमध्ये पुरतं. आवाजाची शिखरं उणे ६ डेसिबलच्या आसपास ठेवा, लाल दिव्याला भिडू देऊ नका. माइक तोंडापासून वीतभर लांब आणि किंचित बाजूला, म्हणजे ‘फ’, ‘भ’, ‘प’ची हवा थेट त्यावर आपटत नाही. वसतिगृहात स्टुडिओ कुठून आणणार? कपड्यांचं कपाट उघडून त्याकडे तोंड करून बसा. पंखा बंद. मे महिन्यात हे त्रासाचं आहे, मान्य.

व्हॉट्सअॅपवर आलेली बातमी घ्यायची का?

ती सुगावा म्हणून घ्या, बातमी म्हणून नाही. शाळांना सुट्टी जाहीर झाल्याचं पत्र पावसाळ्यात हमखास फिरतं आणि त्यातलं काही गेल्या वर्षीचं असतं. तारीख बघा, सही कुणाची ते बघा, मग जिल्हाधिकारी किंवा शिक्षणाधिकारी कार्यालयाला फोन करा. फोन लागला नाही तर बातमी थांबवा. दुसऱ्या केंद्रानं दिली म्हणून आपण दिली, हे कारण डेस्कवर चालत नाही.

आता एआयकडून मसुदा करून आणणारेही आहेत. मी हरकत घेत नाही, पण मोठ्यानं वाचून दाखवायला लावतो. ‘च्या माध्यमातून’, ‘च्या अनुषंगाने’ असे शब्द दुसऱ्याच ओळीत जिभेला अडतात आणि विद्यार्थी स्वतःच खोडायला घेतो. आकडे आणि नावं मात्र एआयवर सोडायची नाहीत, मूळ कागदाशी ताडून बघायची.

गुन्ह्यांच्या आणि आत्महत्येच्या बातम्या कशा द्यायच्या?

लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख पटेल असं काहीही सांगणं हा गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ आणि मुलांच्या बाबतीत पोक्सो कायद्याचं कलम २३ तेच सांगतं. नाव गाळलं म्हणजे झालं असं नाही. तीनशे उंबऱ्यांच्या गावात ‘अमुक शाळेत आठवीत शिकणारी, वडील अमुक खात्यात’ एवढं सांगितलं की सगळ्यांना कळतं. गावाचं नावही गाळा, फार तर तालुका द्या.

आत्महत्येच्या बातमीत पद्धत सांगू नये, एकच कारण ठोकून देऊ नये, आणि ती पहिल्या क्रमांकावर घेऊ नये. ‘कर्जाला कंटाळून’ हे दोन शब्द आपल्याकडे शिक्क्यासारखे मारले जातात. तपास चालू असताना ते तुम्हाला कुठून कळलं?

थेट प्रसारणात चुकलं तर?

एकदा ‘क्षमा करा’ म्हणायचं, बरोबर शब्द वाचायचा, पुढे जायचं. हसायचं नाही, स्पष्टीकरण द्यायचं नाही. अर्थाची चूक असेल तर शेवटी पुन्हा दुरुस्त करून सांगायचं. माझ्या एकोणपन्नासचं तसंच केलं होतं.

निम्म्या चुका कागदामुळे होतात. एका कागदावर एकच बातमी, एकाच बाजूला, मोठा टाइप, वाक्य पुढच्या पानावर जाऊ द्यायचं नाही. पानांना क्रमांक घाला आणि स्टेपलर लांब ठेवा. वाचून झालेलं पान उलटायचं नाही, अलगद बाजूला सरकवायचं. आत जाण्याआधी सगळं एकदा मोठ्यानं वाचलेलं हवं. मनातल्या मनात वाचलेलं धरत नाही. मनात जीभ कधीच अडखळत नाही.

रोज ऐकायचं काय?

आकाशवाणीच्या मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या प्रादेशिक बातम्या. न्यूजऑनएअरच्या अॅपवर आणि संकेतस्थळावर त्या ऐकायला मिळतात, लेखी मजकूरही असतो. आधी मजकूर न बघता ऐका आणि आठवतील तेवढ्या बातम्या लिहा. पंधरापैकी सहा-सात आठवतात. मग मजकूर काढून बघा: कुठल्या राहिल्या, कुठल्या गळाल्या, का. आपल्या स्क्रिप्टमध्ये काय गळणार आहे ते तिथेच कळतं.

पुण्यातल्या जुन्या श्रोत्यांच्या कानात वृत्तनिवेदिका सुधा नरवणे यांचा आवाज अजून आहे. घरातल्या मोठ्यांना विचारा, बहुतेक जण ओळखीचं वाक्य म्हणूनच दाखवतील. पण नक्कल करू नका. दर वर्षी कुणीतरी करतं आणि ते वाढदिवसाच्या कार्यक्रमात शोभतं.

पुढे काम कुठे मिळतं?

पक्की नोकरी म्हणाल तर फार कमी. आकाशवाणीच्या प्रादेशिक वृत्त विभागांत नैमित्तिक वृत्तनिवेदक आणि अनुवादकांचं पॅनेल असतं. लेखी परीक्षा, अनुवाद आणि आवाजाची चाचणी होते. अनुवादातच जास्त जण गळतात. जिल्ह्याजिल्ह्यांत अंशकालीन वार्ताहर असतात. मानधन पाळीप्रमाणे, म्हणून जोडीला दुसरं काहीतरी लागतंच. वर्तमानपत्रांची आणि वृत्तसंस्थांची पॉडकास्ट, ऑडिओ पुस्तकं, सामुदायिक केंद्रं या इतर जागा. तीस सेकंदांत गोष्ट सांगता येणारा माणूस टीव्हीच्या आणि डिजिटलच्या डेस्कवरही चालतो.

बातमीपत्र संपल्यावर काय करायचं?

स्क्रिप्ट फेकायची नाही. वाचणाऱ्यानं आणि संपादकानं सही करून तारखेवार फाइलला लावायची. सामुदायिक केंद्रांना प्रसारित केलेला प्रत्येक कार्यक्रम तीन महिने जपून ठेवणं बंधनकारकच आहे. वर्गातल्या सरावालाही तोच नियम लावा.

मग रात्री ध्वनिमुद्रण लावा, हातात ती स्क्रिप्ट आणि लाल पेन घ्या. जिथे वाक्य लांबलं तिथे खूण. जिथे श्वास अपुरा पडला तिथे खूण. ठरवलेले सेकंद आणि प्रत्यक्ष लागलेले सेकंद शेजारी शेजारी लिहा. पहिल्या महिन्यात प्रत्येक बातमी पाच-सहा सेकंदांनी लांबलेली निघेल, आणि ती बहुतेक वेळा दुसऱ्या वाक्यात लांबलेली असेल.